चव म्हणजे खाणं नव्हे

काट्यावर एकोणऐंशी आकडा आला तेव्हा मी आधी काट्यालाच शिव्या घातल्या. मनातल्या मनात, कारण ते माझं घर नव्हतं, दवाखाना होता. चपला काढलेल्याच होत्या. मी खाली उतरले, घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, केसांतली क्लिपसुद्धा काढली आणि पुन्हा चढले. एकोणऐंशी! आहार सांगणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. ती म्हणाली, "काकू, क्लिपचं वजन आपण धरत नाही."

तीन वर्षांपूर्वी याच काट्यावर मी एकशे अठरा किलो होते. मग ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात, ते. दीड वर्षात मी एकाहत्तरवर आले. नातेवाईक म्हणाले, आता काय बाई, सुटलीस. लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे दात काढण्यासारखं आहे, काढला की पुन्हा दुखत नाही. एका लग्नात तर एक बाई मला म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही सोपा मार्ग धरलात." मी म्हटलं, "हो ना, इतका सोपा की तुम्हीही करून बघा." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, ठीक आहे.

वजनाचं एक वेळ सोडा. मला भीती आहे ती साखरेची. ऑपरेशनच्या आधी मी दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घेत होते. ऑपरेशननंतर दोन महिन्यांत ते बंद झालं. डॉक्टरांनी शेवटची सुई बंद केली त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले होते. आणि आता उपाशीपोटीचा आकडा एकशे एक्केचाळीस. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तीन महिने बघू. असंच राहिलं तर गोळ्या सुरू करू, आणि नाहीच ऐकलं तर इन्सुलिन."

माझ्या वडिलांना साखर होती. आधी अंगठा गेला, मग दोन बोटं, मग पाऊल. त्यांचं ड्रेसिंग मी करायचे, कारण आईला बघवायचं नाही. मधुमेह म्हणजे काय हे इतरांना रिपोर्टवरून कळतं, मला वासावरून कळतं. तो वास माझ्या नाकातून गेलेला नाही. माझा धंदा दिवसभर उभं राहण्याचा आहे. पाय गेले की सगळं गेलं.

तर त्या मुलीनं माझी वही उघडली. रोज काय खाल्लं ते लिहायची वही. मी त्यात चोरी करत नाही, देवाशपथ. सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग किंवा पनीर, दुपारी वाटीभर मुगाची उसळ, अर्धी भाकरी, संध्याकाळी ताक, रात्री पुन्हा वाटीभर काहीतरी. आधी प्रथिनं, मग बाकीचं. जेवताना पाणी नाही. घास मऊ होईपर्यंत चावायचा. व्हिटॅमिनच्या गोळ्या वेळच्या वेळी. दिवाळीत अर्धा लाडू खाल्ला तर तोसुद्धा लिहिलेला. खडकवासल्याला गेलो होतो तेव्हा कणसाचे दाणे मोजून वीस खाल्ले, ते वीस लिहिलेले. तिनं पानं उलटली, बेरजा केल्या आणि कपाळाला आठी घातली. "काकू, हे सगळं बरोबर आहे. मग वजन येतंय कुठून?"

"मला विचारता?" मी म्हटलं. "मी डबे करते, शास्त्रज्ञ नाही."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. निवृत्त माणूस, पेपर बाजूला न करता म्हणाला, "हवा खाल्लेली लिहीत नाहीस बहुतेक." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याला ते बरंच पडलं असणार.

मला मात्र काही सुचेना. मी दिवसातून चार वेळा वजन करायला लागले. उठल्यावर, अंघोळीनंतर, दुपारी, संध्याकाळी. प्रत्येक वेळी दोनशे-चारशे ग्रॅमचा फरक यायचा. सकाळी गॅलरीत उन्हात बसून हातातल्या आरशात तळपाय बघायचे. काडेपेटीतली काडी घेऊन प्रत्येक बोटाला टोचून बघायचे, कळतंय का. कळायचं. मग शंका यायची की कालच्यापेक्षा कमी कळतंय. केळं बंद केलं. चहातलं दूध बंद केलं. थायरॉइड तपासून आणलं, ते अगदी ठणठणीत. पर्वतीच्या पायऱ्या एकदाऐवजी दोनदा चढायला लागले. पंधरा दिवसांनी काटा दोनशे ग्रॅमनी वरच! डोकं फिरायची वेळ आली. त्यापेक्षा वही खोटी असती तर बरं झालं असतं, निदान चोर तरी सापडला असता.

माझा धंदा सांगायला हवा. सदाशिव पेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी जेवणाचे डबे करते. रोजचे चाळीस. निम्मे क्लासला आलेली मुलं नेतात, निम्मे आसपासचे एकटेदुकटे म्हातारे. पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. सासूबाईंनी हे सुरू केलं आणि त्यांच्यानंतर मी चालवते. माझ्या हाताला चव आहे, हे मी म्हणत नाही, पेठ म्हणते. सासूबाईंचा नियम होता, चव घरच्या बाईनंच बघायची. चमचा तोंडाला लावायचा नाही, तळहातावर थोडं घ्यायचं, चाटायचं, हात धुवायचा. तो नियम मी जसाच्या तसा चालवला.

पोळ्यांना एक बाई येते. अकरा वर्षं झाली. खडकीहून मेट्रोनं मंडईपर्यंत येते आणि तिथून चालत. बरोबर नऊला दारात. तिच्या नवऱ्याची दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी. ती बौद्ध, आम्ही कोकणस्थ. अकरा वर्षांत यावरून आमच्यात एक शब्द निघाला नाही आणि मला त्याचा केवढा अभिमान होता! कुणी विषय काढला तर मी आवर्जून सांगायचे, "आमच्याकडे पोळ्या तीच करते, आम्ही असलं काही मानत नाही."

एक दिवस मी बटाट्याच्या भाजीपुढे उभी राहून नेहमीचं रडगाणं गात होते. हवा लागते मला, हवा. ती लाटता लाटता म्हणाली, "ताई, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"राग येणारच. तू बोल."

"तुम्ही सकाळपासून हातावर घेऊन खात असता."

"खाते? मी चव बघते. चव म्हणजे खाणं नव्हे."

"बरं," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मग पोटात गेल्यावर ते जातं कुठं?"

माझं डोकंच तापलं. मी म्हटलं, "तू पोळ्या लाट, माझ्या पोटाची काळजी डॉक्टर करतायत." त्या दिवशी आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. मला राग आला होता आणि तो उतरत नव्हता, कारण तिचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. शेवटी मी ठरवलं, हिला खोटं पाडायचं.

दुसऱ्या दिवशी ओट्याच्या कडेला एक रिकामं पातेलं ठेवलं. नियम असा की तळहातावर जेवढं घेईन, तेवढंच त्या पातेल्यातही टाकायचं. आमटीची चव तीनदा बघितली, गूळ घालायच्या आधी, नंतर आणि उकळी आल्यावर. बटाट्याची फोड शिजली का म्हणून एक, मीठ लागलं का म्हणून दुसरी, फोडणी कमी वाटली म्हणून तिसरी. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट नीट मिसळलं का, ते दोनदा. पहिली पोळी मऊ झाली का बघायला तिचा चतकोर, तोही तूप लावून. गुरुवार होता, शिरा होता. शिरा बघायचा नाही तर काय? दुपारी दुसरी आमटी टाकली, पुन्हा तीनदा. मुलांचे डबे भरताना चमच्याला चिकटलेला भात. मुळात हे मी करते हेच मला कळत नव्हतं. हात जायचा, तोंडात पडायचं, हात धुतला जायचा. त्या दिवशी पातेल्यामुळे प्रत्येक वेळी थांबावं लागलं म्हणून कळलं.

दीड वाजता पातेल्यात डोकावले. निम्म्याच्या वर भरलं होतं. मी माझं जेवण शेजारी ठेवलं, वाटीभर उसळ आणि अर्धी भाकरी. माझं जेवण त्याच्या अर्ध्यानंसुद्धा नव्हतं. आहार सांगणारी मुलगी एकदा म्हणाली होती, काकू, तुमच्या पोटात भाकरी अडते पण पातळ आणि मऊ सगळं सटकन उतरतं, पोट भरल्याचं कळतसुद्धा नाही. मी तेव्हा मान डोलावली होती. आमटी, शिरा, कोशिंबीर, सगळं पातळ आणि सगळं मऊ. मी मटकन स्टुलावर बसले. चोर सापडला होता आणि तो घरातच होता.

पोळ्यांच्या बाईनं पातेलं बघितलं. लाटणं धुवायला घेतलं. "बघा, मी सांगत होते" असं तरी म्हणायचं, मला भांडता आलं असतं.

चव बघायची नाही, हे कळायला अक्कल लागत नाही. पण मग आमटी कशी करायची? चाळीस डबे. मीठ मोजून घातलं तरी चिंच रोज वेगळी, गूळ रोज वेगळा. पहिल्या दिवशी मी न चाखता आमटी केली आणि एका म्हाताऱ्या आजींचा निरोप आला, "आज डब्यात मिठागर पाठवलंत का?" दुसऱ्या दिवशी घाबरून मीठ कमी घातलं तर मुलांनी अर्धी आमटी तशीच परत पाठवली. नवऱ्याला चाखायला सांगितलं. त्याला सगळंच छान लागतं, पस्तीस वर्षांचा सराव आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तळहात पुढे केला आणि मला वडिलांचं पाऊल दिसलं. मी पळी खाली ठेवली. धंदा सोडायचा की पाय, हा एकच प्रश्न डोक्यात घोंघावत होता. आणि दोन हातांवर ती उभी होती, कणीक मळत. मला ती दिसतच नव्हती. तीन दिवस दिसली नाही. खरं सांगायचं तर अकरा वर्षं.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "अगं, जरा आमटीची चव बघ."

तिचे हात थांबले. "मी?"

"मग काय भिंत बघणारे?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले. मी पळीतून तिच्या तळहातावर आमटी घातली. तिनं चाखली. डोळे मिटून जरा थांबली. मला परीक्षेला बसल्यासारखं झालं होतं.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "गूळ जास्त आहे."

"आज जास्त झाला?"

"आज नाही, रोजच असतो."

"तुला काय माहीत रोजचं?" मी फटकन बोलले. आणि बोलता बोलताच आठवलं. दुपारी उरलेली आमटी-भाजी मी तिला डब्यात भरून देते. घरी ने म्हणून. रोज. ती रोज माझ्या हातचं खात होती, खडकीला नेऊन.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"दिलेल्या डब्याला कुणी नावं ठेवतं का, ताई?"

सासूबाईंचा नियम होता, असं सांगावंसं वाटलं. धंद्यात एकाच जिभेचा अंदाज लागतो, तेही खरं आहे. पण तिनं लाटलेली पोळी आम्हाला चालत होती, मळलेली कणीक चालत होती, मग मीठ कमी की जास्त एवढं तिला विचारायला काय धाड भरली होती? ते का, ते मला माहीत आहे. मला फार लाज वाटली. मी गुळाचा डबा झाकला आणि म्हटलं, "मग उद्यापासून तू सांगशील तेवढाच घालू." ती "बरं" म्हणाली आणि कणकेकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. आमटी, भाजी, कोशिंबीर, सगळं तिनं चाखलं. मी ओठ घट्ट मिटून उभी. डबे गेले आणि माझा जीव टांगणीला लागला. साखरेचं वेगळं, आणि हे वेगळं. आमची गिऱ्हाइकं भांडत नाहीत, "उद्यापासून डबा नको" एवढंच कळवतात.

दीडच्या सुमाराला फोन आला. पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा, निवृत्त शिक्षक, सासूबाईंच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. माझे हात ओले होते म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"आज आमटी कोणी केली?" नमस्कार नाही, काही नाही.

"का हो? काय झालं?"

"विचारलं तेवढं सांगा."

"मीच केली. मीच करते रोज."

"चव बदललीय. गूळ आवरलात, बरं केलंत. इतकी वर्षं आमटी होती की पाक, कळत नव्हतं. हे तुम्हाला सुचलं कसं?"

ती पोळपाट पुसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. आणि मी म्हटलं, "अहो, सुचलं असंच. करून बघितलं."

"उद्याही असंच करा." फोन बंद.

तिनं पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला, लाटणं धुतलं, पर्स उचलली. त्या दिवशी उरलेलं काही मी भरून दिलं नाही, तिनं मागितलं नाही. "येते," म्हणाली आणि गेली.

दुपारभर मला चैन पडलं नाही. आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी डबा बंद केला असता, असं मी स्वतःला समजावत होते. पण त्या बिचाऱ्या माणसानं तसं कधी काही म्हटलेलं नव्हतं. तो विचार माझा होता आणि मी तो त्यांच्या गळ्यात बांधत होते. सांगायला काय झालं होतं? एक वाक्य. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्या वेळी ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, ती आली नाही. सव्वानऊ. फोन लावला, उचलला नाही. साडेनऊ. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. आमटीला उकळी आली होती, भाजी शिजत होती, कणीक तशीच पडून होती. आली नाही तर? कधीच आली नाही तर? पोळ्यांना दुसरी कुणीही मिळेल. पण माझ्याऐवजी चाखणार कोण? तपासणीला अजून सात आठवडे होते. मी पळीतून चमच्यात आमटी घेतली. म्हटलं, एकदाच. तळहातावर घेतली. गोड लागली की आंबट, काही कळेना, एवढी घाबरले होते. म्हणून परत घेतली. मग तिसऱ्यांदा. मग भाजीची एक फोड.

पावणेदहाला दार वाजलं. ती आत आली, धापा टाकत. "सासूला दवाखान्यात सोडून आले, फोन पर्समध्येच राहिला."

मी तिला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. ओट्यापाशी उभी राहून एका दमात बोलले, "काल मी फोनवर खोटं बोलले. चव तू बघितली होतीस, गूळ तू कमी करायला लावलास. आजोबांना मी सांगणार आहे. आज, तू इथे असताना, मोठ्यानं सांगणार आहे. मला माफ कर, आणि मला सोडून जाऊ नकोस. तू गेलीस तर माझे पाय जातील गं." शेवटचं वाक्य बोलताना मी रडायलाच लागले.

तिनं पर्स खुंटीला अडकवली. हात धुतले. मग माझ्याकडे वळून बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे.

"ते सगळं बोलू नंतर," ती म्हणाली. "आधी तो चमचा खाली ठेवा."